कितवा ताण?

घरात लहान मुलाचा वाढदिवस असला की फुगे फुगवण्याचे काम आपोआप घरातल्या मोठ्यांकडे येते. पहिला फुगा तोंडाला लावावा तर गाल दुखून येतात, कानशिले तापतात आणि फुगा मात्र ढिम्म असतो. मग कोणीतरी जाणकार सांगतो, "अहो, आधी दोन-चारदा ताणून घ्या की!" जत्रेतल्या फुगेवाल्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. तो पिशवीतून कोरा फुगा काढतो, दोन्ही हातांनी चांगला ताणतो आणि मगच ओठांना लावतो. ताणलेला फुगा पहिल्या फुंकरीलाच तोंड उघडतो.

रबर ताणले की मऊ पडते, ही गोष्ट इतकी घरगुती आहे की तिच्यात शास्त्र असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पण ते मऊ पडते म्हणजे नेमके काय होते? किती मऊ पडते? पुन्हा पूर्ववत होते का? या साध्या प्रश्नांवर शास्त्रज्ञांची शंभर वर्षांहून अधिक वर्षे गेली आहेत आणि 'का?' या प्रश्नावर अजूनही एकमत नाही. मला या विषयाची ओळख पुस्तकातून झाली नाही. ती झाली माझ्या हातून एका माणसावर झालेल्या अन्यायातून. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

गोष्ट १९७९ ची. मी एका लहानशा कारखान्यात नुकताच इंजिनीअर म्हणून लागलो होतो. यंत्रांच्या पायाखाली बसवायचे रबरी ठोकळे तिथे तयार होत. दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये रबर पक्के चिकटवलेले, आणि काम एवढेच की यंत्राची थरथर जमिनीत उतरू द्यायची नाही. प्रत्येक मालातले काही नग चाचणीच्या यंत्रावर चढवायचे, किती जोर दिल्यावर ते किती ताणतात हे पाहायचे आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. हे काम एक जुने कामगार करीत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. शिक्षण बेताचे, पण वीस वर्षे त्याच यंत्रापाशी गेलेली.

एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाने पुरा माल परत पाठवला. तक्रार अशी की, चाचणी केलेले जे नग चिठ्ठी बांधून नमुना म्हणून दिले होते, ते त्यांच्या यंत्रावर आमच्या आकड्यांपेक्षा बरेच मऊ निघाले. मी तेच नग घेतले, चार माणसांसमोर स्वतः यंत्रावर चढवले. आकडे गिऱ्हाइकाच्या आकड्यांशी जुळले, अण्णांच्या नाही. मी निष्कर्ष काढून मोकळा झालो. अहवालात लिहिले की, चाचणी न करताच नोंदी केल्या असाव्यात. अण्णा एवढेच म्हणाले, "साहेब, मी ओढलं तेव्हा ते कोरं होतं. तुम्ही ओढलंत तेव्हा ते कोरं नव्हतं."

मला ती सबब वाटली. कॉलेजात मी हूकचा नियम शिकलो होतो. जोर दुप्पट केला की ताण दुप्पट, जोर काढला की वस्तू पहिल्यासारखी. स्प्रिंगचा नग पहिल्यांदा ओढा नाहीतर दहाव्यांदा, मर्यादेच्या आत आकडा तोच येणार. आणि रबर तर लवचिकपणाचा बादशहा! त्याच्या बाबतीत 'कोरे' आणि 'वापरलेले' असा भेद असेल, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. त्याच मालातला एखादा न ताणलेला नग काढून पाहावा, हे मला सुचले नाही. अण्णांच्या नावावर शेरा बसला आणि त्या वर्षीची पगारवाढ थांबली.

आता रबराकडे वळू. झाडाच्या सालीला चीर दिली की पांढरा चीक वाहतो. त्या चिकातले रेणू कमालीचे लांब असतात. शिजवलेल्या शेवयांची वाटी डोळ्यांसमोर आणा, आणि त्यातली प्रत्येक शेवई सारखी वळवळते आहे अशी कल्पना करा. कच्च्या रबरात या शेवया एकमेकींवरून घसरतात, म्हणून ते उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होते. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना आढळले की, गंधक मिसळून रबर तापवले की हा दोष जातो. गंधक शेवयांना जागोजागी एकमेकींशी गाठी मारते. मग ताण दिला की शेवया सरळ होतात, सोडला की वळवळत पुन्हा गुंतवळ होते, आणि गाठींमुळे वस्तू मूळ आकारावर येते.

म्हणजे रबराचा जोर हा स्प्रिंगच्या जोरासारखा नाही. तो त्या वळवळीचा जोर आहे. याचा पहिला धागा सापडला तो इंग्लंडमधल्या केंडल गावच्या जॉन गॉफ या अंध अभ्यासकाला. त्याने रबराची पट्टी ओठांना लावून झटकन ताणली. ती गरम लागली. सैल सोडली, तर गार. १८०५ मध्ये त्याने हे छापून प्रसिद्ध केले. वाचकांनीही नोटांना बांधायचे एक रुंद रबरबँड घेऊन हे करून पाहावे. ओठांची कातडी इतकी हळवी असते की फरक लगेच कळतो.

नुसते गंधकाचे रबर मात्र टायरला पुरत नाही. ते झिजते, फाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सिल्व्हरटाउनमधल्या कारखान्यात असे दिसून आले की, रबरात काजळी मिसळली तर ते कितीतरी मजबूत होते. आपल्या आज्या दिव्यावर ज्या काजळीपासून काजळ धरीत, तिचीच ही कारखान्यात तयार होणारी बहीण. टायर काळा दिसतो तो तिच्यामुळे. पण मजबुतीबरोबर काजळीने एक विचित्र सवयही आणली, किंवा खरे सांगायचे तर रबरातली मुळातली सवय ठळक केली. ती सवय म्हणजे पहिल्या ताणानंतर मऊ पडण्याची.

ही सवय १९०३ मध्ये बुआस आणि कारिएर या फ्रेंच अभ्यासकांनी नोंदवली होती. पण तिचा चिकाटीने पाठपुरावा केला तो लिओनार्ड मलिन्स यांनी. इंग्लंडमधल्या वेल्विन गार्डन सिटी इथल्या रबर उत्पादकांच्या एका संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी या विषयावर लिहायला सुरुवात केली. आज जगभर या सवयीला 'मलिन्स परिणाम' असेच म्हणतात.

तो परिणाम असा. एक कोरी पट्टी घ्या आणि तिच्या लांबीच्या दुपटीपर्यंत ओढा. वाटेत प्रत्येक टप्प्यावर किती जोर लागला ते लिहून ठेवा. सोडा आणि पुन्हा ओढा. दुसऱ्या वेळी त्याच वाटेवर कमी जोर लागतो. तिसऱ्या, चौथ्या वेळी अगदी थोडा फरक पडतो, आणि मग पट्टी स्थिरावते. सगळ्यात मोठा बदल पहिल्याच ताणात उरकलेला असतो. गंमत पुढेच आहे. पट्टी दुपटीच्या पलीकडे, अडीचपटीपर्यंत ओढा. दुपटीची जुनी खूण ओलांडताच ती पुन्हा कोऱ्या पट्टीसारखी ताठ वागू लागते, जणू आधी काही घडलेच नव्हते. मग सोडून पुन्हा ओढली की अडीचपटीपर्यंत मऊ.

म्हणजे रबर आठवण ठेवते, आणि मुख्यतः एकच गोष्ट लक्षात ठेवते. आजवर सोसलेला सर्वांत मोठा ताण कोणता, ही. नदीकाठच्या गावांत जुन्या वाड्यांच्या भिंतींवर पुराची रेघ असते, तशी. लहानसहान पुरांची भिंतीवर नोंद राहत नाही. त्या रेघेच्या वर पाणी चढले तरच रेघ बदलते.

मराठीत या वागण्याला एक नेमका शब्द आहे: रुळणे. नवी चप्पल दोन दिवस चावते आणि मग रुळते. कोरे कापड पहिल्या धुण्यात खळ सोडते आणि अंगाला मऊ लागते. अण्णांनी 'कोरं' हा शब्द उगाच वापरला नव्हता. पण रुळणे आणि म्हातारे होणे यांत गल्लत करू नये. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर कालांतराने कडक होते, त्याला भेगा जातात. गॅसच्या शेगडीची नळी छापलेली मुदत संपताच बदलायची ती या म्हातारपणामुळे. रुळलेले रबर निकामी नसते. ते फक्त कोरे राहिलेले नसते.

आता प्रश्न येतो तो हे गणितात कसे मांडायचे याचा. पूल, मोटार किंवा यंत्र बांधणाऱ्याला 'रबर जरा मऊ पडते' एवढे सांगून भागत नाही. त्याला आकडा हवा. त्यासाठी गणिती प्रतिमान तयार करतात, म्हणजे अशी समीकरणे की ज्यांत ताण घातला की जोर बाहेर यावा. १९४० च्या दशकात ट्रेलोअर, रिव्हलिन अशा अभ्यासकांनी रबरासाठी सुंदर समीकरणे दिली. पण त्या समीकरणांना स्मरणशक्ती नव्हती. जाण्याची वाट आणि परतीची वाट त्यांच्या लेखी एकच होती. माझ्या कॉलेजातल्या स्प्रिंगसारखीच.

मलिन्स यांनी टोबिन या सहकाऱ्याबरोबर एक सोपी कल्पना पुढे केली. रबरात काही भाग कठीण आणि काही मऊ आहे असे समजा. ताण वाढत जातो तसा कठीण भागातला काही हिस्सा मऊ भागात जमा होतो. वाढत्या ताणाला नवे कठीण भाग फुटतात, पण जुन्याच ताणाला नवे काही फुटत नाही. कठीण भाग म्हणजे नेमके काय, यावर मात्र मते वेगवेगळी. कोणी म्हणाले, काजळीच्या दोन कणांमध्ये अडकलेल्या आखूड साखळ्या आधी तुटतात. कोणी म्हणाले, त्या तुटत नाहीत, कणांवरून घसरतात. कोणी काजळीच्या कणांचे पुंजकेच फुटतात असे मानले. पुढे मलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवले की, तेवढाच जोर दिला तर काजळी नसलेले रबरही मऊ पडते. त्यामुळे सगळा दोष काजळीच्या माथी मारण्याची सोय राहिली नाही.

१९९९ मध्ये ऑग्डेन आणि रॉक्सबर्ग या दोघांनी या वादाला वळसा घातला. आत काय तुटते ते तूर्त बाजूला ठेवू, वागणे तरी नीट लिहू, अशी त्यांची भूमिका. त्यांनी जुन्या समीकरणाला एक जास्तीचा आकडा जोडला. रबर कोऱ्या वाटेवर असेल तोवर तो आकडा एक, म्हणजे असून नसल्यासारखा. ताण सैल झाला की तो एकाच्या खाली येतो आणि जोर तेवढ्या प्रमाणात घटतो. जुनी कमाल ओलांडली की पुन्हा एक. पुराची रेघ समीकरणात आली ती अशी. आज रबरी वस्तूंची रचना संगणकावर करताना हे प्रतिमान सर्रास वापरले जाते.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. खरे रबर चार-पाच फेऱ्यांनंतरही किंचित मऊ पडत राहते, प्रतिमानातले पडत नाही. खरे रबर ताणून सोडल्यावर थोडे लांबच राहते. उभे ताणलेले रबर उभ्या दिशेने जितके मऊ पडते तितके आडव्या दिशेने पडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खरे रबर थोडेथोडे विसरतेही. ठेवून दिले तर हळूहळू, आणि तापवले तर लवकर, त्याचा ताठपणा काही अंशी परत येतो. भिंतीवरची रेघ पुसट होत जावी तसा. प्रतिमान म्हणजे सत्य नव्हे. कुठे चुकेल हे आधी सांगून ठेवणारा तो एक प्रामाणिक हिशेब आहे.

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर भूकंपात आहे. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. इमारत जमिनीच्या हादऱ्यापासून वेगळी काढायची तर तिच्या खांबांखाली रबर आणि पोलादी पत्रे यांचे थर असलेल्या जाड गाद्या बसवतात. कॅलिफोर्नियातल्या रँचो कुकामोंगा इथले न्यायालयाचे भवन १९८५ मध्ये अशा गाद्यांवर उभे राहिले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कोसळलेल्या भूजच्या इस्पितळाच्या जागी जे नवे इस्पितळ बांधले गेले, तेही शिसे घातलेल्या रबरी गाद्यांवर आहे.

अशी गादी वर्षानुवर्षे निमूट भार वाहत असते. भूकंपाचा पहिला झोका हाच तिचा पहिला मोठा आडवा ताण. त्या झोक्याला ती ताठ असेल, म्हणजे इमारतीत जास्त जोर चढेल. पुढच्या झोक्यांना ती मऊ पडेल, म्हणजे इमारत जास्त सरकेल आणि भोवती सोडलेली मोकळी जागा तेवढी पुरायला हवी. एकाच आकड्यावर विसंबून चालत नाही, दोन्ही धरावे लागतात. गाद्या बसवण्याआधी कारखान्यात एकदा ताणून मऊ करून घ्याव्यात आणि पुढचा आकडाच खरा मानावा, अशी पद्धत पूर्वी होती. पण ताठपणा काळाने बराचसा परत येतो हे लक्षात आल्यावर तो हिशेब बदलावा लागला. इथे आकडा चुकला तर त्याची किंमत रजिस्टरात नव्हे, इस्पितळाच्या खाटांवर मोजावी लागते.

मुलांना हे दाखवायचे तर फारसा खर्च नाही. पंक्चरवाल्याकडून सायकलची टाकाऊ ट्यूब आणा. टायरच्या आत राहिल्यामुळे ती आयुष्यात फारशी ताणलेली नसते. तिची बोटापेक्षा अरुंद, वीतभर लांब पट्टी कापा आणि खुंटीला टांगा. खाली प्लॅस्टिकची पिशवी बांधून तीत एकेक पेला पाणी ओता. दर पेल्यानंतर मनात तीस अंक मोजा आणि मग लांबी लिहा. दहा पेले झाले की पिशवी रिकामी करा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. दुसऱ्या फेरीत पाचव्या पेल्याची लांबी पहिल्या फेरीपेक्षा जास्त भरेल, दहाव्या पेल्याला मात्र दोन्ही आकडे जवळ येतील. मुलगा म्हणेल, "बाबा, माझं मोजायला चुकलं." त्याला सांगा की चुकले नाही. शाळेच्या प्रयोगवहीत 'अपेक्षित उत्तर' जुळवण्यासाठी आकडे खोडण्याची जी सवय आपण मुलांना लावतो, ती मोडायला हा प्रयोग फार चांगला.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपण आकड्याला फार मान देतो आणि तो कसा आला हे विचारत नाही. चाचणीचा दाखला, शिक्का, सही असली की झाले. पण वस्तू कोरी होती की रुळलेली, किती वेळा ताणली होती, किती दिवस ठेवली होती, हे लिहिलेले नसेल तर तो आकडा अर्धाच असतो. दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा दोघांतला एक खोटा असलाच पाहिजे, असे नाही. दोघेही खरे असू शकतात. त्यांनी मोजलेली वस्तू मात्र आता एक राहिलेली नसते.

त्या प्रकरणानंतर काही महिन्यांनी मुंबईतल्या एका ग्रंथालयात दुसरेच काही शोधताना मलिन्स यांचा १९६९ चा लेख हाती आला. दोन पाने वाचली आणि कानशिले तापली. परत आल्यावर परत आलेल्या मालातला एक न ताणलेला नग काढला. पहिल्या ताणाला अण्णांचा आकडा आला. दुसऱ्या ताणाला गिऱ्हाइकाचा.

मी रजिस्टर घेऊन व्यवस्थापकांकडे गेलो. पाने उलटताना एक गोष्ट प्रथमच नजरेत भरली. अण्णांच्या प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने काढलेल्या बारीक उभ्या रेघा होत्या. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. त्या वादातल्या सगळ्या आकड्यांपुढे एकच रेघ होती. मी त्यांना बोलावून विचारले तेव्हा ते म्हणाले, "कितव्यांदा ओढलं ते लिहितो. पहिल्यापासून लिहितो. कुणी विचारलं नाही."

शेरा रद्द झाला. त्या वर्षीची पगारवाढ मात्र मिळाली नाही, कारण हिशेब बंद झाले होते. मी माफी मागितली, तेव्हा त्यांनी विषय बदलला आणि यंत्राला तेल द्यायला गेले. पुढचे रजिस्टर छापायला गेले तेव्हा त्यात मी एक नवा रकाना घालून घेतला. त्याचे शीर्षक होते, 'कितवा ताण'.